अजून दोन

लग्नाच्या मांडवात गोठ्याचा माणूस ओळखायला वेळ लागत नाही. अक्षता पडल्या की तो पहिल्या पंगतीला बसलेला असतो, जिलेबीचा दुसरा आग्रह हात आडवा धरून परतवतो आणि तीन वाजले की मनगट बघायला लागतो. आमचे मामा यातले अव्वल. गेल्या पंचवीस वर्षांत त्यांनी एकही वरात बघितलेली नाही. आळंदीला गेले ते सकाळची धार काढून, आणि माउलींना हात जोडून परत आले ते संध्याकाळच्या धारेला. स्वतःच्या पोरीच्या पाठवणीला ते ओक्साबोक्शी रडले, हे खरं. पण डोळे पुसायला जो हात वर गेला त्याच हातात घड्याळ होतं आणि पुसता पुसता त्यांनी ते बघून घेतलं, हेही खरं. साडेचार झाले होते. वऱ्हाडाची गाडी वळणाआड जायच्या आत मामा मोटारसायकलला किक मारत होते.

मामा राळेगणसिद्धीचे. नगर-पुणे रस्त्यावर वाडेगव्हाणला उतरायचं आणि आत वळायचं. राळेगण म्हटलं की जगाला अण्णा हजारे आठवतात, आम्हा भाचरांना मामांचा गोठा. आणि गोठा म्हटलं की मामांचं एक वाक्य, जे मी चड्डीत होतो तेव्हापासून ऐकत आलो आहे:

"सध्या जरा ओढाताण हाये. पण अजून दोन घेतल्या ना, की परवडतं."

दोन होत्या तेव्हा चारला परवडणार होतं. चारच्या सहा झाल्या. सहाला कळलं की आठशिवाय कडबाकुट्टीचं मशीन परवडत नाही. मशीन आणलं, तर त्याला पुरेशी वैरण कापायला दहा गायी हव्यात असं निघालं. दहाला दूध काढायचं यंत्र आणलं. ते म्हणे बारापासून पुढं वसूल होतं. अशा रीतीनं गोठा वाढत वाढत एकदा बावीसवर गेला, पुढं एका उन्हाळ्यात नऊवर आला आणि गेल्या दिवाळीत सोळावर होता. परवडण्याची वेस मात्र मामांच्या दोन गायी पुढंच राहिली.

तसा गायीचा नाद घराण्यात आधीपासून. आज्याच्या दावणीला दोन गावरान गायी होत्या. दिवसभर डोंगराला चरायच्या आणि संध्याकाळी तांब्यात मावेल एवढं दूध द्यायच्या. त्या काळच्या राळेगणची गोष्ट मामा अशी सांगतात की ऐकणाऱ्याच्या घशाला कोरड पडावी. पाऊस वर्षाला ४००-५०० मिलिमीटर, तोही मनात आलं तर. शिवार बोडकं, गावात दारूच्या भट्ट्या. १९७५ साली अण्णा लष्करातून निवृत्त होऊन गावी आले, यादवबाबांचं देऊळ नीट केलं आणि मग श्रमदान, नालाबंडिंग, पाझर तलाव असं एकेक होत गेलं. नशाबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान ही गावाची पंचसूत्री. बाहेरून येणाऱ्यांना यातली नशाबंदी पाठ असते. मामांच्या लेखी खरी क्रांती चराईबंदीची.

"त्याआधी गाय चरायला जायची आन् मी घरी बसायचो," मामा म्हणतात. "चराईबंदी झाली. गाय घरी बसली आन् चरायला मी जायला लागलो."

गंमत सोडली तर त्यात तथ्य आहे. मोकाट चरणं थांबलं म्हणून डोंगरावर गवत टिकलं, गवतानं माती धरली, बांधांनी पाणी धरलं आणि विहिरी बोलायला लागल्या. विहिरीला पाणी म्हणजे बांधाला घास. घास म्हणजे संकरित गाय. १९७५ च्या आधी गावातून रोज १०० लिटरच्या आसपास दूध निघायचं, ते पुढं अडीच हजार लिटरवर गेलं. दूध संस्थेनं उरलेल्या पैशातून मिनी ट्रक घेतला, मळणीयंत्र घेतलं. त्या ट्रकचं मामांना आजही कौतुक आहे, कारण 'दुधाच्या धंद्यात काहीतरी उरतं' याचा चार चाकांवर फिरणारा तो एकच पुरावा त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला.

संकरित गाय दारात आली तेव्हा आजोबांनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या म्हणे. मग म्हणाले, "हिला वशिंडच नाय. हिला गाय कशी म्हणायची?" त्याहून मोठा धक्का पुढं होता. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळीकांचनला बाएफ ही संस्था काढली आणि दारोदार कृत्रिम रेतनाची चाल पाडली. ती चाल गावात पोचली तसा वळू फटफटीवर, थंड वाफा सोडणाऱ्या टाकीतून येऊ लागला. आजोबा शेवटपर्यंत रेतन करणाऱ्या डॉक्टरला चहा पाजत आणि तो गेला की विचारत, "पण बाप कोण म्हणायचा हिचा?" मामा कांडीवरचा नंबर वाचून दाखवत. आजोबा नंबर ऐकून मान हलवत आणि देवाला हात जोडत.

राळेगणात जन्मल्यामुळं मामांना आणखी एक गोष्ट बाळकडूसारखी मिळाली: पाहुण्यांना काहीतरी दाखवायची सवय. गावात अभ्यास सहलींच्या बसगाड्या कायम. कृषी महाविद्यालयाची पोरं येतात, परराज्यातले सरपंच येतात, कधी गोरे येतात. पाझर तलाव, मंदिर, शाळा बघून झालं की चुकलंमाकलं टोळकं मामांच्या हाती लागतं. मग मामा 'या इकडून' म्हणत गोठ्यात नेतात आणि आवाज बदलतो. घरी 'हाये-नाय' बोलणारा माणूस एकदम 'आपण बघू शकता' वर येतो. "आपण बघू शकता, हा मुक्तसंचार गोठा. इथं गाय स्वेच्छेनं बसते." गाय तेव्हा स्वेच्छेनं पाहुण्यांच्या पिशवीत तोंड घालत असते. एकदा विदर्भातल्या बचत गटाच्या बाया आल्या होत्या. मामांनी पाऊण तास गव्हाणीची उंची, पाण्याचा हौद, एका दुभत्या गायीला दिवसाला शंभरेक लिटर पाणी कसं लागतं, हे सगळं सांगितलं. त्यातली एक म्हातारी पदर सारखा करत म्हणाली, "दादा, उरते किती?"

मामा म्हणाले, "या, तुम्हाला गोबरगॅस दाखवतो."

२०११ च्या एप्रिलात अण्णांचं दिल्लीत जंतरमंतरवर उपोषण चालू होतं आणि गावात वाहिन्यांच्या छत्रीवाल्या गाड्या उभ्या होत्या. एका पोरीनं मामांपुढं माईक धरला आणि लोकपाल आल्यावर काय बदलेल असं विचारलं. मामांनी विचार करून उलट विचारलं, "फॅटचं मशीन त्यांच्या अखत्यारीत येणार का?" ते काही टीव्हीवर दाखवलं नाही.

फॅटच्या मशीनबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, कारण मामांच्या आयुष्यातला देव, दैत्य आणि सासू या तिन्ही भूमिका ते एकटं करतं. सकाळी सहाला डेअरीवर रांग. कॅन पुढं, माणूस मागं. मापाड्या चमचाभर दूध बाटलीत घेतो, नळी बुडवतो, यंत्र घरघरतं आणि चिठ्ठी बाहेर टाकतं. गायीचं दूध ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ लागलं की पुरा दर. खाली एक पॉईंट घसरला की दर घसरला. मामांचा फॅट कधी चुकत नाही; एसएनएफ ८.३ वर येऊन असा बसतो की जणू मामांनी त्याला दावं लावलंय. मी एकदा विचारलं, "मामा, हे एसएनएफ म्हणजे नेमकं काय हो?"

"दुधातलं पाणी काढ, लोणी काढ. मग जे राहतं ते एसएनएफ." थोडं थांबून म्हणाले, "आन् दुधाच्या धंद्यातलं दूध काढ, पैसा काढ. मग जे राहतं ते शेण."

बाजाराची गोष्ट सांगतो. काष्टीचा शनिवारचा बाजार. मी सुट्टीवर होतो आणि मामांना 'शिकलेला माणूस सोबत असावा' असं वाटलं होतं. पहाटेची धार उरकून आम्ही टेम्पोनं निघालो. बाजारात मामांचा रुबाब बघण्यासारखा. गायीच्या मागं उभे राहून दोन्ही खुब्यांमधलं अंतर बघणार. कासेवर पालथी मूठ टेकवून, पोटाखालून जाणारी दुधाची शीर करंगळीएवढी आहे का अंगठ्याएवढी ते चाचपणार. चारी सडांतून एकेक चिळकांडी तळहातावर घेऊन बोटानं चोळणार, हुंगणार. ओठ उचलून दात मोजणार. शेपटीचा गोंडा झटकून बघणार, का ते मला आजवर कळलेलं नाही. असं दोन तास फिरून, चाळीस गायी नापसंत करून, मामांनी शेवटी तीच गाय धरली जी एका पांढऱ्या टोपीच्या व्यापाऱ्यानं आम्ही टेम्पोतून उतरताक्षणी मामांसाठी मनात नक्की केली होती.

मग रुमाल आला. व्यापाऱ्यानं मामांचा हात हातात घेतला, वर रुमाल टाकला आणि आत बोटं बोलायला लागली. चेहरे मख्ख. रुमाल मधेच उंदीर शिरल्यासारखा हलायचा. मामांच्या कपाळावर घाम. पाच मिनिटांनी व्यापाऱ्यानं हात वर झटकला, "घ्या, तुमच्यासाठी तोटा सोसला," आणि मामा विजयी मुद्रेनं माझ्याकडं वळले. "बावीस लिटरची हाये. दुसऱ्या वेताची."

घरी येईतो चार वाजले. मामी भाकरीच्या पिठाचे हात घेऊन दारात आल्या. टेम्पोतून गाय उतरतानाच त्यांनी तिच्याकडं एकवार बघितलं.

"मागच्या डाव्या सडाला गाठ हाये," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

पहिल्या दिवशी गाय खरंच एकवीसपर्यंत आली, कारण बाजारात कास भरलेली दिसावी म्हणून तिचं दूध आदल्या दिवसापासून तुंबवलेलं होतं. दुसऱ्या दिवशी चौदा. मामा म्हणाले, प्रवासाचा शीण हाये. चौथ्या दिवशी बारा. पाणी बदललं हाये. सहाव्या दिवशी तिला आपल्या घासाची चव लागायची होती. आठव्या दिवशी मला पुण्याला फोन आला. "शिकलेल्या माणसाला सोबत न्यायला नको होतं," मामा म्हणाले. "तुझी नजर लागली."

मामांच्या गायींची नावं गंगा-जमुना नसतात. विकत आणलेली गाय तिच्या बाजाराच्या नावानं ओळखली जाते: काष्टीवाली, लोणीवाली, घोडेगाववाली. घरी जन्मलेल्या कालवडीला मात्र त्या-त्या वेळच्या महाराष्ट्राचं नाव. १ जून २०१७ ला पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, रस्तोरस्ती दूध ओतलं जात होतं, त्या आठवड्यातली ती पुणतांबी. मामाही कॅन घेऊन ओतायला निघाले होते. मामींनी दारात अडवलं, "ओतायचंच हाये ना, मग माझ्या पातेल्यात ओता," आणि संपभर तूप कढवलं. २०२० च्या टाळेबंदीत दर कोसळला, हॉटेलं बंद, लग्नं बंद, तेव्हाची लॉकडाऊनी. जानेवारी २०२४ मध्ये सरकारनं गायीच्या दुधाला लिटरमागं पाच रुपये अनुदान काढलं, तेव्हाची अनुदानी.

अनुदानाची कथा निराळीच. गायीच्या कानात बारा आकडी बिल्ला हवा, बिल्ल्याची नोंद हवी, नोंद बँकेच्या खात्याला जुळायला हवी. लोणीवालीनं नेमका तेव्हाच तारेला कान घासून बिल्ला पाडला. झालं, कागदावरून गाय गेली. ती समोर उभी, दिवसाला अठरा लिटर देतेय, सहा किलो पेंड खातेय. पण कागदावर नाही. मामा तिच्यापुढं उभे राहून बराच वेळ विचार करत होते. शेवटी म्हणाले, "कागदावर नाय तर निदान पेंड तरी खाऊ नको."

एक साल सांगायचं राहिलं. २०२२ साली लम्पी आला. आसपासच्या दावणी रिकाम्या झाल्या, लोकांनी पोरागत वाढवलेली जनावरं पुरली. त्यावर विनोद करवत नाही. मामांच्या गोठ्यात लस वेळेवर टोचली गेली आणि देवकृपेनं निभावलं. पण त्या सप्टेंबरात जनावरांचे बाजार बंद झाले आणि मामांना अजून दोन घेता येईनात. शनिवार आला की मामा पिंजऱ्यातल्यासारखे अंगणात येरझारा घालत. मामींच्या वहीत मात्र त्या बंदीच्या काळातली पानं निळ्या शाईची आहेत. तोट्याला त्या लाल पेन वापरतात. दुधाच्या हिशेबाला निळं पेन तोवर लागलंच नव्हतं.

मामींबद्दल मी आत्तापर्यंत हात राखून लिहिलं, कारण त्या आल्या की मामांचं चित्र संपतं. गोठ्याचं धोरण मामांकडं आहे, गोठा मामींकडं. मामांच्या मोबाईलमध्ये एक ॲप आहे, त्यात कोणती गाय कधी माजावर येणार त्याच्या तारखा येतात. मामींकडं कालनिर्णय आहे. पहाटे चारला अंथरुणातच त्या ओरडणं ऐकून सांगतात, "काष्टीवाली हाये. सोट टाकला असंल. संध्याकाळी डॉक्टरला बोलवा." मामा मोबाईल बघतात, "नाय, ॲपात अजून चार दिवस हायेत." ॲपाचं ऐकलं त्या वेळी गाय उलटली आणि एकवीस दिवस गेले. म्हणजे एकवीस दिवसांची पेंड फुकट. तेव्हापासून मामा मामींना विचारून ॲपात तारीख भरतात, मग मोबाईल बघून सगळ्यांना सांगतात, "ॲप म्हणतंय आज."

मामांना नव्याची हौस फार, आणि ती मला मनापासून आवडते. राहुरीच्या विद्यापीठात जाऊन ते फुले त्रिवेणी गाय बघून आले. होल्स्टिन, जर्सी आणि गीर अशा तीन रक्तांची. आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. येताना फुले जयवंत गवताचे ठोंब आणले, बांधाला लावले, ते लागलेही झकास. मुरघास करायचं ठरवलं तेव्हा मका चिकात आला की कापायचा, कुट्टी करून पिशवीत दाबून भरायची, हवा राहू द्यायची नाही आणि ४५ दिवस तोंड उघडायचं नाही, हे त्यांनी भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं होतं. मी विसाव्या दिवशी गेलो. मामांनी इकडंतिकडं बघितलं, एका पिशवीची गाठ सैल केली आणि माझं डोकं धरून आत घातलं. "वास घे! लोणच्यासारखा येतो का नाय?" येत होता. मामांनी चिमूटभर तोंडातही टाकला. पंचेचाळीसाव्या दिवशी तेवढी एक पिशवी बुरशीनं काळी निघाली. मामी काही बोलल्या नाहीत. ती पिशवी त्यांनी उकिरड्यावर न टाकता तीन दिवस मामांच्या खाटेशेजारी ठेवली.

मुक्तसंचार गोठ्यात गायीला अंग घासायला ब्रश लागतो असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. मामांनी तो आणला, खांबाला बसवला. पहिले दोन दिवस एकही गाय फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी बघितलं तर मामाच सदरा काढून पाठ घासत उभे होते, डोळे मिटून.

मुलगा सुप्याच्या एमआयडीसीत कंपनीत आहे. तीन पाळ्या, महिन्याला ठरलेला पगार, रविवारी सुट्टी. रविवारची सुट्टी ही कल्पना मामांना समजावून सांगावी लागली होती. त्याच्यासाठी मुली बघणं चालू आहे. मुलीकडचे येतात, घर बघतात, शेती विचारतात, मग मुलीची आई हळूच मामींच्या कानाशी येते, "पोरीला धार काढावी लागंल का?" मामी म्हणतात, "नाय हो, मशीन हाये." मामा पुढं होऊन सांगतात, "आन् आता अजून दोन घेणार हायेत." दोन स्थळं अशी गेली. तिसऱ्या वेळी मामींनी त्यांना पाहुणे जाईस्तोवर डेअरीवर बसवून ठेवलं. ते स्थळ अजून विचार करतंय.

गेल्या दिवाळीत वसुबारसेला मी गेलो होतो. गाय-वासराला ओवाळून झालं, पुरणाचा घास झाला. दिव्याच्या उजेडात मामींनी वही काढली आणि माझ्यापुढं टाकली. "तू शिकलेला हायेस. तूच सांग यांना."

मामींचं अक्षर वाटाण्यासारखं गोल. एका गायीचा हिशेब होता. दूध सरासरी पंधरा लिटर, दर तीस रुपये: ४५०. पेंड सहा किलो, २१०. मुरघास वीस किलो, १२०. घास, कडबा, ५०. डॉक्टर, क्षारमिश्रण, लाईटबिल मिळून ३०. खर्च ४१०. दिवसाला उरले ४०. दुभते दिवस ३००, म्हणजे १२,००० रुपये. पुढचे ६० दिवस गाय आटवायची. त्या काळात दूध नाही, पण खायला रोज २०० चं लागतं. झाले १२,००० रुपये. खाली दुहेरी रेघ आणि रेघेखाली एक मोठं, वाटोळं, काळजीपूर्वक काढलेलं शून्य.

"आणि मामांची मजुरी?" मी विचारलं.

"धरली की. त्या शून्यातच हाये."

मामा वहीवर वाकले होते. त्यांना चूक सापडली. "वर्षाचे दिवस किती? ३६५. हिनं ३६०च धरलेत. पाच दिवस कुठं गेले?"

"ते पाच दिवस तुम्ही बाजारात असता," मामी म्हणाल्या.

मामा गप्प बसले. समईच्या वातीकडं बघत त्यांनी डोक्यात काहीतरी फिरवलं. मग हळूहळू त्यांचा चेहरा उजळत गेला, मला तो उजेड ओळखीचा होता. "म्हंजी एका गायीमागं शून्य," ते म्हणाले. "शून्य म्हंजी तोटा तर नाय ना?"

"तोटा नाही," मी कबूल केलं.

"मग अजून दोन घ्यायला काय हरकत हाये?"

यावर शिकलेल्या माणसाकडं उत्तर नव्हतं. मामींकडंही नसावं. त्यांनी वही मिटली. पण मिटताना शेवटचं पान दिसलं. तिथं वेगळा हिशेब होता, निळा. शेणखताच्या ट्रॉल्या. कोणत्या बागायतदाराला किती गेल्या, रोख किती, उधार किती. वर्षानुवर्षांचा. मामांच्या धोरणात न बसणारं, वास येणारं आणि कुठलंही मशीन ज्याचा पॉईंट कापू शकत नाही असं तेवढं एकच उत्पन्न. पोराचा डिप्लोमा त्या पानावरचा. माडीचा पत्रा त्या पानावरचा. मामींच्या हातातल्या पाटल्याही त्याच पानावरच्या, म्हणजे खरं बोलायचं तर शेणाच्या. मामांना हे माहीत नाही असं नाही. सोळा गायींचं शेण पडतं म्हणूनच ट्रॉल्या भरतात आणि सोळा गायी मामांनी आणल्या, एवढा मुद्दा ते एरवी कधी सोडले नसते. त्या रात्री सोडला. सणाचा दिवस होता.

मी पुण्याला परतायला निघालो तेव्हा मामा वाडेगव्हाणपर्यंत सोडायला आले. एसटीची वाट बघत उभे होतो. मी सहज बोलून गेलो की माझी एक मुदत ठेव पुढच्या महिन्यात सुटतेय, परत बँकेतच ठेवतो. मामा एकदम थांबले. माझ्याकडं त्यांनी जे बघितलं ते काष्टीच्या बाजारात गायीकडं बघतात तसं. मागून, खुब्यांमधलं अंतर मोजत.

"बँकेत?" ते म्हणाले. "बँकेतला पैसा वितो का?"

एसटी आली. मी चढलो, खिडकीशी बसलो. मामांनी खिडकीतून हात आत घालून माझा हात धरला, दुसऱ्या हातानं खांद्यावरचा टॉवेल त्यावर टाकला, आणि टॉवेलाखाली माझी दोन बोटं घट्ट दाबली.

परवा दिवाळीनंतरच्या दोन गायी आल्या. त्यातली एक माझ्या पैशाची आहे. सध्या ती आटलेली आहे.